गुरुजींच्या मेजावरचे सफरचंद

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)





आज तुमच्यासमोर कोणत्या विषयावर बोलावे याचा मी काही दिवस विचार करीत होतो. शिक्षणाचे महत्त्व, कौमची प्रगती, तरुण पिढीची जबाबदारी हे विषय या व्यासपीठावरून तुम्ही पुष्कळदा ऐकले आहेत आणि ते ऐकून घरी जाताना तुम्ही काय विसरता तेही मला ठाऊक आहे. म्हणून आज मी एका लहानशा प्रश्नाचे उत्तर देणार आहे. तो प्रश्न पाचवीतल्या एका मुलीने मला विचारला. तिच्या इंग्रजी वाचनपुस्तकात वर्गाचे एक चित्र होते. फळा, खडू, पुस्तकांची चळत आणि बाईंच्या मेजावर एक लालबुंद सफरचंद. ती म्हणाली, "सर, आमच्या बाईंच्या टेबलावर हजेरीपट असतो, डस्टर असतं, पाण्याची बाटली असते. सफरचंद कधीच नसतं. मग चित्रात ते कशाला काढतात? आणि काढायचंच तर आंबा का नाही?"

प्रश्न हसण्यासारखा आहे, पण सोडून देण्यासारखा नाही. भेटकार्डांवर, शाळेच्या साहित्यावर, शिक्षकदिनाच्या फलकांवर आपण हे सफरचंद पाहतो आणि ते तेथे का आहे हे विचारीत नाही. त्या मुलीने विचारले. तिला मी जे उत्तर दिले तेच थोडे विस्ताराने तुम्हाला सांगतो. कारण त्या उत्तराचा शेवट अमेरिकेत होत नाही. तो तुमच्या-माझ्या दाराशी येऊन थांबतो.

ही चाल मूळची अमेरिकेची. ती कोणा एका माणसाने अमुक दिवशी सुरू केली असे नाही. गरजेतून ती हळूहळू रुजली. अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिका स्वतंत्र झाली आणि माणसे पश्चिमेकडच्या नव्या मुलखात वस्ती करू लागली. या मुलखाची जमीन कशी मोजावी व वाटावी यासाठी १७८५ मध्ये एक कायदा झाला. सहा मैल लांब व सहा मैल रुंद असा चौरस आखायचा, त्याचे ३६ भाग पाडायचे, प्रत्येक भाग ६४० एकरांचा. या ३६ भागांपैकी सोळावा भाग शाळेसाठी राखून ठेवायचा असे त्या कायद्याने ठरविले. घरे उभी राहण्याआधी शाळेची जमीन मोजून बाजूला काढली गेली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

परंतु जमीन राखून ठेवली म्हणजे शाळा चालते असे नव्हे. त्या रानातल्या जमिनीचे उत्पन्न थोडे, रोख पैसा त्याहून थोडा. गावकरी मिळून लाकडी ओंडक्यांची एक खोली बांधीत. त्या एकाच खोलीत सहा वर्षांच्या मुलापासून मिशा फुटलेल्या जवानापर्यंत सगळे एका मास्तरापुढे बसत. त्या मास्तरांना पुरेसा पगार देण्याची गावाची ऐपत नसे. मग काय करीत? आज या घरी, पुढच्या आठवड्यात त्या घरी, असे मास्तरांना पाळीपाळीने विद्यार्थ्यांच्या घरी राहावयास व जेवावयास ठेवीत. ज्या घरची मुले अधिक, त्या घरी मास्तरांचा मुक्काम अधिक. एडवर्ड एगल्स्टन या लेखकाने १८७१ मध्ये इंडियाना प्रांतातल्या एका खेड्यातील शाळामास्तरावर कादंबरी लिहिली, तिच्यात या वारावर जेवण्याच्या आयुष्याचे चांगले चित्र आहे.

हे आयुष्य सुखाचे नव्हते. लॉरा इंगल्स वाइल्डर हिचे नाव आपल्यापैकी वाचनाची आवड असलेल्या मुलांनी ऐकले असेल. पुढे ती मोठी लेखिका झाली. १८८० च्या दशकात डाकोटा मुलखात तिने पहिली शाळा शिकविली तेव्हा ती जेमतेम सोळा वर्षांची पोर होती. शाळा घरापासून बारा मैल दूर, विद्यार्थी पाच, थंडी हाडे गोठविणारी. ज्या कुटुंबात तिच्या राहण्याची सोय केली होती त्या घरच्या बाईला त्या ओसाड माळावर राहणेच असह्य झाले होते. एका रात्री ती बाई हातात सुरी घेऊन नवऱ्यासमोर उभी राहिली आणि पडद्यापलीकडे झोपलेल्या या लहान शिक्षिकेने ते पाहिले, असे तिने आपल्या पुस्तकात लिहिले आहे. सकाळी उठून तिला पुन्हा शाळेत जाऊन पाढे आणि स्पेलिंग शिकवायचेच होते. आपल्या अंगणवाडीच्या ताई, वस्तीशाळेचे शिक्षक, दूरच्या पाड्यावर बदली झालेल्या बाई यांना ही हकिगत परकी वाटणार नाही.

आता सफरचंदाकडे येऊ. त्या काळी अमेरिकेच्या खेड्यांत सफरचंद हे चैनीचे फळ नव्हते. आपल्या कोकणात दारी फणस असावा तसे ते प्रत्येकाच्या परसात असे. जॉन चॅपमन नावाचा एक फकिरी वृत्तीचा माणूस (जन्म १७७४, मृत्यू १८४५) पेन्सिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना या भागांत बियांपासून सफरचंदाच्या रोपवाटिका करीत फिरला. लोक त्याला प्रेमाने 'जॉनी अ‍ॅपलसीड' म्हणत. बियांपासून उगवलेली ती सफरचंदे बहुधा आंबट असत. त्यांचा रस काढून पेय करीत, चकत्या वाळवून ठेवीत, आणि टिकाऊ जातीची फळे पिंपात भरून तळघरात ठेवीत. ती हिवाळाभर पुरत. शेतातले काम थांबे तेव्हा, म्हणजे हिवाळ्यातच मोठ्या मुलांची शाळा भरे. बाहेर बर्फ, खिशात पैसा नाही, तळघरात सफरचंदे आहेत. सकाळी शाळेला निघालेल्या पोराच्या हातात आई जे ठेवू शकत होती ते तिने ठेवले. मुली, तुझ्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. आंबा का नाही? कारण त्यांच्या घरी आंबा नव्हता. ज्याच्या घरी जे होते ते त्याने दिले.

येथे एक गंमत सांगतो. सफरचंद अमेरिकेचे नव्हेच. त्याचे माहेर मध्य आशियात, तियानशान पर्वताच्या उतारावर, आजच्या कझाकस्तानात आहे. तेथील अल्माटी शहराच्या नावातच सफरचंद आहे. १९२९ मध्ये निकोलाय वाविलोव्ह हा रशियन शास्त्रज्ञ तेथे गेला आणि तेथील रानटी सफरचंदांची वने पाहून त्याने हेच या फळाचे मूळस्थान असे ओळखले. तेथून रेशमाच्या व्यापारी मार्गाने हे फळ पश्चिमेला गेले, युरोपातून अमेरिकेत गेले, आणि अमेरिकेतून पुन्हा आपल्याकडे आले. फिलाडेल्फियाचा सॅम्युएल स्टोक्स हा तरुण १९०४ मध्ये कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी हिंदुस्थानात आला आणि येथलाच झाला. सिमल्याजवळच्या कोटगढ येथे त्याने १९१६ च्या सुमारास अमेरिकेतून आणलेल्या गोड सफरचंदांची कलमे लावली. हिमाचलच्या आजच्या बागा त्यातून वाढल्या. हाच माणूस स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेला, आणि आपला लहान मुलगा तारा वारल्यावर त्याच्या स्मरणार्थ त्याने डोंगरातल्या मुलांसाठी शाळा काढली. ज्या हातांनी सफरचंद आणले त्याच हातांनी शाळाही बांधली, हे मला फार आवडते.

पुढे अमेरिकेत काळ बदलला. मॅसेच्युसेट्स प्रांतात १८३७ मध्ये होरेस मॅन शिक्षण मंडळाचे चिटणीस झाले. शाळा सर्वांसाठी, कराच्या पैशातून, आणि शिक्षक प्रशिक्षित असला पाहिजे, असा त्यांचा आग्रह. १८३९ मध्ये लेक्सिंग्टन येथे शिक्षक तयार करण्याची पहिली सरकारी शाळा निघाली तेव्हा पहिल्या दिवशी तिच्यात किती विद्यार्थिनी होत्या? तीन. आपल्या वर्गात पट कमी म्हणून नाउमेद होणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा. १८५२ मध्ये त्याच प्रांताने सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला आणि १९१८ पर्यंत तो त्या काळच्या सर्व प्रांतांत झाला. शिक्षकाला रोख पगार मिळू लागला. शिक्षिकांना तो पुरुषांपेक्षा पुष्कळ कमी मिळे, पण मिळे. घरोघरी वारावर जेवण्याची गरज राहिली नाही. तरी सफरचंद राहिले. आता ते पोट भरण्यासाठी नव्हते, आभार मानण्यासाठी होते.

आणि त्यानंतर सफरचंदाला कीड लागली. १९२० च्या दशकात अमेरिकन विद्यार्थ्यांच्या बोलीत 'सफरचंद चकाकवणारा' असा एक शब्द रूढ झाला. त्याचा अर्थ मास्तरांची खुशामत करणारा. सफरचंद बाहीवर घासूनपुसून चकचकीत करायचे, पुढच्या बाकावरून उठून नेऊन द्यायचे, आणि गृहपाठ न केल्याची शिक्षा चुकवायची. १९३९ मध्ये तर शिक्षिकेला सफरचंद देण्यावर एक सिनेमाचे गाणेही लोकप्रिय झाले. बिंग क्रॉस्बी या प्रसिद्ध गायकाने ते गायिले.

पालकहो, या एका फळाची तीन रूपे तुम्ही पाहिलीत. पहिल्या वेळी ते शिधा होते. दुसऱ्या वेळी शुक्रिया झाले. तिसऱ्या वेळी खुशामत झाले. फळ तेच, मेज तेच. बदलली ती देणाऱ्याची नियत आणि घेणाऱ्याची परिस्थिती.

आता आपल्या घरात पाहू. आपल्याकडे ही रूपे नव्हती काय? होती. जाफर शरीफ यांनी दक्षिणेतील मुसलमानांच्या चालीरीतींवर लिहिलेला 'कानून-ए-इस्लाम' हा ग्रंथ १८३२ मध्ये हर्क्लॉट्स यांनी इंग्रजीत आणला. मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की त्याची बिस्मिल्ला होई, हे त्यात नोंदविले आहे. सणाच्या आधी मकतबातले उस्ताद रंगीत वा सोनेरी नक्षीच्या कागदावर शुभेच्छेच्या ओळी लिहून प्रत्येक मुलाला देत. तिला 'ईदी' म्हणत. मूल ती घरी नेऊन आईबापांना वाचून दाखवी आणि आईबाप खुश होऊन उस्तादांना काही पाठवीत. कुरआन पुरे झाले की कपडे, मिठाई, नजराणा. जुमेरातीला मौलवीसाहेबांसाठी एक-दोन पैसे घेऊन गेल्याचे तुमच्या आजोबांनी तुम्हाला सांगितले असेल. आपले हिंदू शेजारीही पंतोजींना शिधा देत. १८३५ ते १८३८ या काळात विल्यम अ‍ॅडम यांनी बंगाल-बिहारमधील गावशाळांची पाहणी केली, तेव्हा त्यांनाही शिक्षकाच्या मिळकतीत थोडे रोख आणि बाकी धान्य, शिधा, सणाची भेट असेच आढळले. म्हणजे ओहायोचे सफरचंद आणि आपल्या गावचा शिधा ही सख्खी भावंडेच होत.

पण आपल्या धर्माने या बाबतीत आपल्याला केवळ चाल दिली नाही, विचारही दिला आहे. तीन गोष्टी तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली. बद्रच्या लढाईत (इ. स. ६२४) जे मक्केचे लोक कैद झाले, त्यांच्यातील ज्यांच्याकडे खंडणी द्यावयास पैसा नव्हता पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदीनेच्या दहा मुलांना लिहावयास शिकवावे आणि मोकळे व्हावे, असे ठरल्याचे सीरतच्या ग्रंथांत सांगितले आहे. शिकविण्याचे मोल केवढे? एका माणसाच्या स्वातंत्र्याएवढे. आणि ते शिक्षक मुसलमानही नव्हते. इल्म कोणाकडून घ्यावे याचे उत्तर त्यातच आले.

दुसरी. हजरत उबादा बिन सामित (र.) हे सुफ्फामधील गरीब लोकांना कुरआन व लेखन शिकवीत. त्यांच्या एका विद्यार्थ्याने त्यांना एक धनुष्य भेट दिले. उबादांनी मनाशी म्हटले, हे काही धन नव्हे, आणि मी ते अल्लाहच्या मार्गातच वापरीन. तरी त्यांनी पैगंबरसाहेबांना (स.) विचारले आणि पैगंबरसाहेबांनी (स.) त्यांना कडक शब्दांत सावध केले. अबू दाऊद यांच्या संग्रहात ही हदीस आहे. शिक्षकाला भेट घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न अमेरिकेच्या सफरचंदाच्या कितीतरी शतके आधी मदीनेच्या मशिदीत विचारला गेला होता.

तिसरी. इब्नुल लुतबिय्या नावाच्या एका माणसास जकात गोळा करण्यास पाठविले होते. तो परत येऊन म्हणाला, हा माल तुमचा आणि ही मला मिळालेली भेट. त्यावर पैगंबरसाहेबांनी (स.) विचारले की, हा माणूस आपल्या आईबापांच्या घरी बसून राहिला असता तर त्याला ही भेट मिळाली असती काय? बुखारीतील ही हदीस प्रत्येक कचेरीत आणि प्रत्येक शिक्षक-खोलीत लिहून लावावी अशी आहे. भेट माणसाला मिळाली की खुर्चीला, हे ओळखण्याची याहून सोपी कसोटी मला माहीत नाही.

मग उस्तादांनी उपाशी राहावे काय? नाही. यावर आपल्या फुकहांनी पुष्कळ विचार केला आहे. कुरआन पढून आजारी माणसावर दम केल्याबद्दल मोबदला घेण्यास मोकळीक देणारी हदीसही बुखारीत आहे. शाफई उलमांनी, म्हणजे आपल्या कोकणी मुसलमानांच्या मजहबच्या उलमांनी, शिकविण्याचे वेतन घेणे योग्य ठरविले. जुन्या हनफी उलमांनी ते मना केले होते. परंतु पुढे बैतुलमालमधून शिक्षकांना मिळणारे तनखे बंद झाले तेव्हा, उस्तादांना पोटासाठी दुसरा धंदा करावा लागेल आणि तालीमच बंद पडेल, हे ओळखून नंतरच्या हनफी उलमांनीही वेतनाची परवानगी दिली. किती व्यवहारी शहाणपण आहे पाहा. भेटीबद्दल कडक, पण पगाराबद्दल उदार. शिक्षकाला उघडपणे, ठरलेल्या वेळी, मानाने वेतन द्या, म्हणजे त्याला कोणाच्या भेटीची वाट पाहावी लागणार नाही.

यासाठीच निजाम-उल-मुल्कने १०६७ मध्ये बगदादला निजामिया मदरसा उघडला, तेव्हा त्याच्या खर्चासाठी मिळकती वक्फ करून दिल्या. १०९१ मध्ये त्याच मदरशात इमाम गझालींची नेमणूक झाली. अमेरिकेचा तो ३६ पैकी सोळावा भाग आणि आपला वक्फ, दोहोंमागे विचार एकच. शिक्षकाची भाकरी विद्यार्थ्याच्या बापाच्या मर्जीवर असू नये.

आता मी माझी एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका शाळेत सातवीला शिकवीत होतो. ५ सप्टेंबरला, शिक्षकदिनी, मुले भेटी आणीत. १९६२ पासून डॉ. राधाकृष्णन यांचा वाढदिवस आपण शिक्षकदिन म्हणून पाळतो. प्रथम फुले येत. मग पेन आले, मग भिंतीवरची घड्याळे, कपबश्यांचे संच. मी ते सगळे मेजावर मांडून ठेवी. मला वाटे, मुलांना बरे वाटेल. खरे सांगायचे तर मलाच बरे वाटे. माझ्या वर्गातला एक मुलगा त्या दिवशी गैरहजर राहिला. त्याचे वडील केळ्यांची हातगाडी लावीत. मुलगा हुशार, एरवी एक दिवस चुकवीत नसे. दुसऱ्या दिवशी विचारले तर खाली पाहून म्हणाला, ताप होता. संध्याकाळी गाडीपाशी त्याची आई भेटली. ती म्हणाली, "गुरुजी, ताप कसला? तो दप्तर घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत आला होता. बाकीच्यांच्या हातांत खोकी बघून परत आला. मी म्हटलं, दोन केळी घेऊन जा. तर म्हणाला, केळी कशी देऊ, सगळे हसतील."

मी त्या रात्री झोपलो नाही. त्या पोराला माझ्या वर्गात कोणी काही बोलले नव्हते. माझ्या मेजाने त्याला बाहेर हाकलले होते. ज्या फळाने गरिबाच्या घरातून चालत येऊन शिक्षकाचे मेज सजविले, त्या फळाची चाल मी अशी उलटी केली होती की गरिबाला आपले फळ आणण्याची लाज वाटावी.

पुढच्या वर्षी मी वर्गाला ऑगस्टमध्येच सांगितले की, या वेळी बाजारातून आणलेली कोणतीही वस्तू मी घेणार नाही. ज्याला मला काही द्यायचे असेल त्याने मी शिकविलेली एक गोष्ट घरातल्या कोणाला तरी शिकवावी आणि ५ तारखेला येऊन सांगावे. कोणी धाकट्या बहिणीला पाढे शिकविले, कोणी दादीला घड्याळ पाहावयास शिकविले. त्या मुलाने एक घडी केलेला कागद दिला. त्यावर थरथरत्या अक्षरांत एक नाव लिहिले होते, पाच-सहा वेळा, प्रत्येक ओळीत थोडे अधिक सरळ. ते त्याच्या आईचे नाव होते. तोवर ती अंगठा लावीत असे. त्या कपबश्यांपैकी आज माझ्या घरी एकही शिल्लक नाही. तो कागद आहे.

मित्रहो, कौम कशी उभी राहते याचा एक दाखला सांगून मी आवरते घेतो. अमेरिकेत गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांसाठी १८८१ मध्ये अलाबामातील टस्कीगी येथे शाळा निघाली. बुकर टी. वॉशिंग्टन तिचे प्रमुख. ते स्वतः गुलाम म्हणून जन्मले होते. शाळेच्या इमारतीसाठी वर्गणी जमविली जात होती तेव्हा सत्तर वर्षांची एक म्हातारी काठी टेकीत त्यांच्या खोलीत आली. अंगावर चिंध्या, पण स्वच्छ. आयुष्याची उमेदीची वर्षे गुलामीत गेलेली. तिने त्यांना सहा अंडी दिली. जमवून ठेवली होती, या मुलामुलींच्या शिक्षणासाठी घ्या, म्हणाली. वॉशिंग्टन यांनी आपल्या १९०१ च्या आत्मचरित्रात लिहिले आहे की, नंतर त्या संस्थेला पुष्कळ देणग्या मिळाल्या, पण या देणगीइतकी कोणतीही त्यांच्या हृदयाला भिडली नाही.

त्या म्हातारीने कोणाला खुश करण्यासाठी अंडी दिली नाहीत. तिला गुण वाढवून घ्यायचे नव्हते. तिने शाळेला दिले, सगळ्यांच्या मुलांसाठी दिले. आपल्याकडेही हे झाले आहे. १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम उभी राहिली ती बदरुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या साथीदारांच्या पदरमोडीतून. १९०६ मध्ये कोल्हापुरात मुसलमान मुलांसाठी शिक्षणसंस्था निघाली तेव्हा शाहू महाराज स्वतः तिचे अध्यक्ष झाले. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि बोर्डिंगातल्या सर्व जातिधर्मांच्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले.

तेव्हा पालकहो, माझे मागणे थोडे आहे. शिक्षकदिनाला महागडी भेट पाठवू नका. होरेस मॅनच्या त्याच मॅसेच्युसेट्समध्ये आज सरकारी शाळेच्या शिक्षकाला एका पालकाकडून ५० डॉलर वा त्याहून अधिक किमतीची भेट घेता येत नाही. त्यांना कायदा करावा लागला, आपल्याला हदीस पुरेशी असावी. पाठवायचेच असेल तर मुलाच्या हाताने लिहिलेले चार शब्द पाठवा. भेटीवर जे खर्च करणार होता ते या संस्थेच्या शिष्यवृत्ती निधीत टाका, आणि पावती घ्या.

शिक्षकांशी बोलावयास शाळेत या. मुलाला किती गुण पडले हे विचारण्यापूर्वी सर, तुमची तब्येत कशी आहे, हे विचारा. ज्या अमेरिकन मास्तरांना लोकांनी आपल्या घरात झोपावयास जागा दिली, त्यांची परिस्थिती वाईट होती यात शंका नाही. पण त्या गावातल्या प्रत्येक आईला मास्तर काय खातात हे ठाऊक होते. आज आपल्यापैकी किती जणांना आपल्या मुलाच्या शिक्षकाचे पूर्ण नाव ठाऊक आहे?

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, आणि मी ती या व्यासपीठावरून मुद्दाम करतो. विनाअनुदानित तुकड्यांवर, तासिका तत्त्वावर शिकविणारी तरुण मुलेमुली आपल्याकडे आहेत. इमारतीचा मजला पुढच्या वर्षी चढवा, पण त्यांचा पगार या महिन्यात, ठरल्या तारखेला द्या. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी देण्याची शिकवण ज्या कौमला मिळाली आहे, तिच्या संस्थेत शिक्षकाने पगारासाठी कारकुनाच्या मेजाशी उभे राहू नये.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एकच सांगतो. शिक्षकाला देण्यासारखे तुमच्या घरी काही नाही असे कधी समजू नका. आज घरी जा आणि अम्मी, अब्बा, दादी, धाकटा भाऊ, कामाला येणाऱ्या मावशी, कोणालाही आज शिकलेले काहीतरी शिकवा. बद्रच्या कैद्यांना दहा जणांना शिकवायचे होते. तुम्ही एकापासून सुरुवात करा.

त्या पाचवीतल्या मुलीला मी हे सगळे सांगितले नाही. तिला एवढेच म्हटले की, बेटा, ज्याच्या घरी जे होते ते त्याने मास्तरांना दिले, म्हणून चित्रात सफरचंद आहे. तिने थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "मग आमच्या घरी काय आहे?" मी म्हटले, तू आहेस. रोज वेळेवर ये.

अल्लाह आपल्या मुलांना उपयोगी पडणारे इल्म देवो, आणि त्यांच्या उस्तादांना इज्जतीची भाकरी देवो. आमीन.

खुदा हाफिज. जय हिंद.